रोह्याचा रिकामा पाट

२७ जून, शुक्रवार. सकाळपासून पाट उतरवून घ्यायचं काम चाललं होतं.

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. मुंबई-पुण्याला जाणाऱ्या मूर्ती खोक्यांतून जातात, त्यांचं वेगळं. आसपासच्या गावांतली जुनी गिऱ्हाइकं मात्र आषाढ लागला की आपल्या घरचा पाट आमच्याकडे आणून देतात. पाटावर पानाचा विडा आणि नारळ असतो. नारळ आम्ही ठेवून घेतला की मूर्ती सांगून झाली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेली मूर्ती घरी जाते. पाट आला की मी तो पालथा करते, खालच्या बाजूला ऑइलपेंटने साल आणि मूर्तीची उंची लिहिते आणि गावाप्रमाणे थप्पी लावते. माझ्याआधी हे काम सासरे करायचे. काही पाटांवर अजून त्यांचं अक्षर आहे.

पाट दिल्यावर कुणाच्या घरी गणपती कायमचा बंद करायचं ठरलं तर माणसं येऊन आपला पाट घेऊन जातात. आम्ही आपणहून कुणाचा पाट परत करत नाही. रिकामा, म्हणजे मूर्तीशिवाय, पाट दारात आला याचा अर्थ इकडे फार वाईट लागतो: संबंध तोडला. सासऱ्यांच्या काळापासून आमच्या कारखान्यातून असा एकच पाट गेला. तो मी पाठवला, रोह्याला, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाकडे. त्याला सात वर्षं झाली.

त्या दिवशी दुपारपर्यंत एकवीस पाट लागले. गागोद्याचा एक फणसाच्या लाकडाचा आहे, इतका जड की दोघींनी धरावा लागतो. तो एकटीने उचलल्यामुळे कंबर धरली होती, म्हणून एरवी जेवणाच्या सुट्टीत मी घरात जाते ती त्या दिवशी बायकांबरोबर कारखान्यातच डबा खायला बसले.

आमच्याकडे सीझनला आठ बायका रंगकामाला असतात. त्या जेवताना मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवून मालिका बघतात. अर्धा तास सुट्टी, त्यात एक भाग बसतो, त्यामुळे मी काही बोलत नाही. सध्या त्यांची गुंडांच्या घराण्यांची मालिका चालू आहे. दोन घराणी. एकाकडे बंदर, एकाकडे रेती. दहा वर्षं एकमेकांची माणसं मारत आलेली. मी कधी पाहिली नव्हती, पण त्यांच्या बोलण्यातून मला सगळं माहीत होतं. कोण कुणाचा जावई, कोण कुणाला फितूर, हे आमच्या बायका स्वतःच्या भावकीपेक्षा नीट सांगतात.

आमच्याकडे सगळ्यांत जुनी आहे ती खाडीकडच्या गावातली. तिला सगळ्या आत्या म्हणतात, मीही म्हणते. तिने मला बसायला गोणपाट दिलं आणि आजच्या भागाचं सांगितलं. रेतीवाला म्हातारा थकला आहे. त्याला आता भांडण मिटवायचं आहे. म्हणून त्याने बंदरवालीकडे तिच्या मुलीसाठी मागणीचं ताट पाठवलं आहे. बंदरवाली ही विधवा, नवऱ्याच्या मागे धंदा तीच चालवते.

"आता बघ वैनी, ही बया काय करते ती," आत्या म्हणाली.

बया काही करत नाही. ताटावर लाल कापड झाकलेलं असतं. ती ते उचलूनसुद्धा बघत नाही. ताट आणणारा माणूस उभा असतो, त्याला बसायला सांगत नाही. नुसती म्हणते, घेऊन जा. बाकी एक शब्द नाही. आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या हातावरचं कालवण गोणपाटावर सांडलं.

मग तो माणूस परत जातो. म्हातारा गाडीत बसलेला असतो, दाराबाहेरच. ताट मांडीवर घेतो. माणसाकडे बघतो आणि विचारतो, तुला तिथे पाणी तरी दिलं का? त्यावर आमच्याकडे सगळ्या हसल्या.

"खुळाच हाय," एक पोरगी म्हणाली. "इथं मुडदे पडायचे नि हा पाणी विचारतो."

"त्याला अजून कळलंच नाय गो," आत्या म्हणाली. "त्याला वाटतंय, घरात काय अडचण असल म्हणून परत आलं."

म्हातारा ताटावरचं कापड काढतो, त्याची घडी घालतो, घडी खिशात ठेवतो. तिथे भाग संपला. बायका पुढच्या भागात कोण मरणार यावर पैज लावायला लागल्या. आत्या डबा बंद करत माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "ती मोबाइलमधली काय करील? आमच्या वैनीनी तर गणपतीचा पाट परत केलेला. तोंडातून शब्द नाय काढला. काय वैनी?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मला सगळे कडक समजतात आणि मलाही ते आवडतं. कारखाना चालवायचा तर लागतंही. मी हसले, डबा धुतला, परत पाट लावायला बसले. दोन पाटांवर उंची चुकीची लिहिली. टर्पेंटाइनने पुसून परत लिहिली.

झालं होतं असं. पाट परत केला त्याच्या आदल्या वर्षी आई रोह्याला आजारी पडली. ती भावाकडे असायची. चतुर्थीला पंधरा दिवस होते. भावाचा फोन आला की ताई, येऊन जा, आई तुझी आठवण काढते. पेणहून रोहा काही लांब नाही. सकाळी गाडीत बसलं तर दुपारी जेवायला परत येता येतं. पण आमच्याकडे ते पंधरा दिवस म्हणजे आखणीचे दिवस. मूर्तीचे डोळे मी काढते. बाकी सगळं कोणीही करू शकतं, डोळे मीच, असं माझं होतं. मी भावाला सांगितलं, माझ्याशिवाय आखणी होत नाय, चौथ झाली की येऊन राहते. त्याने परत फोन केला. मी तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी फोन नवऱ्याने घेतला आणि मला म्हणाला, जाऊन ये, एक दिवसाने काही बिघडत नाय. मी ब्रश खाली ठेवला नाही.

चतुर्थीच्या चार दिवस आधी आई गेली.

मी गेले, सगळं होईपर्यंत थांबले आणि परत आले. लेकीला तीन दिवसांचं सुतक, म्हणून तीन दिवस मूर्तीला हात लावला नाही. सीझनचे शेवटचे तीन दिवस. दीडशेच्या वर मूर्तींचे डोळे बाकी होते. ते आत्याने काढले. तिला कुणी शिकवलं नव्हतं, वीस वर्षं माझ्या बाजूला बसून बघून शिकली होती. एकाही गिऱ्हाइकाने मूर्ती परत आणली नाही. कुणाला फरकसुद्धा कळला नाही. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

दहाव्याला रोह्याला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. भाऊ मुंडन करून नदीवरून आला होता. मला बघितल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "झाली का सवड? आई मेल्यावर झाली."

मी न जेवता निघाले. दहाव्याच्या घरून न जेवता निघालेली लेक, म्हणजे बोलणाऱ्यांना वर्षभर पुरलं असणार.

पुढच्या आषाढात भावाचा पाट आला. दरवर्षी यायचा तसाच, विडा, नारळ, सगळं जागच्या जागी. नारळाला हळदकुंकू लावलेलं होतं. टेंपोवाल्याबरोबर निरोप होता, नेहमीची सव्वा फुटी. मला कळलं की तो मिटवतोय. तो असाच आहे, तोंडाने बोलणार नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, शहाणा माणूस आहे. पण माझ्या डोक्यात दहाव्याचं ते वाक्य होतं. माझी समजूत अशी की त्याने आधी तोंडाने चूक कबूल करायला पाहिजे. मी पाट पालथासुद्धा केला नाही. नारळ जसा होता तसा, विडा होता तसा, दुपारी टेंपो परत रोह्याकडे निघाला त्यात ठेवून दिला. नवरा साच्याशी काम करत होता. तो उठून आला आणि म्हणाला, "पाट रिकामा नको पाठवू. मूर्ती करायची नाय तर नको करू, पाट राहू दे इथं." मी म्हटलं, माझा भाऊ आहे, मी बघून घेईन.

रिकाम्या पाटाचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. माहीत होता म्हणूनच पाठवला.

दुसऱ्या दिवशी टेंपोवाल्याने सांगितलं की माझ्या भावाने पाट स्वतः उतरवून घेतला. पंच्याने पुसला. आणि विचारलं, ताईची तब्येत बरी हाय ना?

मला तो टोमणा वाटला. मी टेंपोवाल्याला सांगितलं, परत गेलास की सांग, ठणठणीत हाय म्हणावं. त्याने सांगितलं असणार. त्यानंतर आमचं बोलणं नाही. भाचीच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली, मी आहेर पोस्टाने पाठवला. भाऊ कंपनीतून रिटायर झाला ते मला निडीच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

सात वर्षं मी ते वाक्य टोमणा म्हणून धरून होते. पाट लावता लावता आत्याचं बोलणं डोक्यात राहिलं. त्याला अजून कळलंच नाय गो. मोबाइलमधल्या म्हाताऱ्याला सगळ्या हसल्या, कारण त्याने सरळ प्रश्न सरळ मनाने विचारला होता. माझ्या भावानेही तसाच विचारला असेल, हे सात वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. आखणी करणारी बाई आजारी पडली, हात दुखावला, तर कारखाना जवळच्या माणसांची मूर्ती घेत नाही. परक्याला सांभाळतो आणि घरच्याला सांगतो, यंदा जमणार नाय. हे त्याला माहीत होतं, माझं लग्न झाल्यापासून तो ऐकत आला होता. रिकाम्या पाटाचे दोन अर्थ निघत होते. त्याने त्यातला बरा धरला होता.

आणि मी निरोप काय पाठवला? ठणठणीत हाय.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, उद्या सकाळी रोह्याला जाते. त्याने ओळखलं. म्हणाला, "पाट मागायला आपण कधी कुणाकडे गेलो नाय." मी म्हटलं, माहीत हाय. गिऱ्हाईक पाट आणून देतं, कारखाना मागायला जात नाही, हीच पद्धत आहे. मग तो म्हणाला की येताना लागलं तर जुनं लुगडं घेऊन जा, पाट उघडा आणू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. निडी स्टेशन गेलं तेव्हा उठून दारात उभी राहिले, उगाचच, रोहा यायला वेळ होता. भावाच्या घरी पोचले तेव्हा भावजय अंगणात भांडी घासत होती. तिने मला बघितलं, हात धुतले, आणि या म्हणाली. सात वर्षांपूर्वी ती मला ताई म्हणायची. आता नुसतं या. चहा मात्र लगेच टाकला.

भाऊ ओटीवर पेपर वाचत होता. केस पार पिकले आहेत. मी बसले आणि सरळ म्हटलं की पाट न्यायला आले आहे.

त्याने पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "यंदाची मूर्ती सांगितली," तो म्हणाला. "इथंच, रोह्यात. गेल्या रविवारी नारळ देऊन आलो."

गेल्या रविवारी. म्हणजे सहा दिवस. नारळ दिल्यावर मूर्ती फिरवत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. एखाद्या गिऱ्हाइकाने मला नारळ देऊन मग दुसरीकडे मूर्ती घेतली तर मी त्याला परत दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, बरोबर हाय, आता ती बदलायची नाय. मग विचारलं, पाट कुठं हाय? तिथल्या मूर्तीला पाट लागत नाय, तो म्हणाला. तयार पाटासकटच येते. मग आपला पाट? मी विचारलं.

भावजयीने स्वयंपाकघराकडे बघितलं. मी उठून आत गेले. पाट तांदळाच्या पिंपाखाली होता. ओल येते म्हणून पिंप जमिनीला टेकवत नाहीत, त्यासाठी ठेवलेला. घरात सपाट, भक्कम लाकूड तेवढंच होतं, त्यांचं काही चुकलं नाही. मी वाकून बघितलं. कडेला ओलीने लाकूड फुगलं होतं आणि खालची एक पट्टी सुटली होती.

भाऊ मागे येऊन उभा राहिला. "पिंप भरलेलं हाय," तो म्हणाला. "पाट निघायचा नाय."

मी भावजयीला म्हटलं, गोणी दे गो एखादी, आणि शेर दे. तिने दिला. मी पिंपाचं झाकण काढलं आणि तांदूळ उपसायला लागले. गोणीचं तोंड सारखं मिटत होतं. चारपाच शेर काढल्यावर भावाने येऊन तोंड धरलं. समोरासमोर होतो, मध्ये गोणी. बोलायचं तर तेव्हाच बोलता येणार होतं.

"तू टेंपोवाल्याला विचारलं होतंस," मी म्हटलं. "पाट परत आला तेव्हा. मी बरी हाय का म्हणून."

"व्हय."

"मी बरी होते. मला काय झालं नव्हतं."

त्याने मान हलवली. "माहीत हाय," तो म्हणाला. "टेंपोवाल्याचा निरोप यायच्या आधीच मी पेणला आलो होतो. दुसऱ्या दिवशी. रजा टाकून. मला वाटलं, तुझ्या हाताला काय झालं. कारखान्यासमोर रसवंती होती तेव्हा, तिथं बसलो. तू दारातच बसली होतीस, रंग कालवत होतीस. हात चालत होता. मग घरी आलो."

मी शेर भरला आणि गोणीत ओतला. परत भरला. त्या दिवशी दुपारी मी दारात बसले होते की नाही, मला आठवत नाही. रसवंती आठवते. ती बंद होऊन चार वर्षं झाली. रस्ता ओलांडला असता तर पंधरा पावलं. त्याने ओलांडला नाही यात त्याचं काय चुकलं हे मी खूप शोधलं, गाडीत परत येताना. काही सापडलं नाही. आईच्या वेळचंही काही बोलले नाही. ते बोलायला निघाले असते तर तांदूळ तसाच राहिला असता.

पिंप निम्मं झालं तेव्हा त्याने एका बाजूने तिरकं केलं आणि मी पाट ओढून काढला. भावजयीने खाली चार विटा लावल्या. मी पाट पालथा केला. सासऱ्यांच्या अक्षरात वरची सालं, मग माझ्या अक्षरात. शेवटचं साल आई असतानाचं. सव्वा फूट. त्याखाली कोरं लाकूड आणि पिंपाच्या भाराने पडलेले चरे.

"चालंल का तो?" भावाने विचारलं.

गिऱ्हाइकाला मी जे सांगते तेच त्याला सांगितलं. असा चालणार नाय, मूर्ती हलेल. पट्टी बदलून घ्यावी लागेल, कडेची ओल सुकवायला लागेल.

"मग पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला. पुढच्या वर्षी पाठवतो, असं नाही म्हणाला. बघू म्हणाला.

भावजय म्हणाली, "जेवून जा." ताई म्हटलं नाही, पण जेवून जा म्हणाली. दहाव्याला न जेवता निघाले होते ते तिच्याही लक्षात होतं. मी जेवले. कडव्या वालाची उसळ होती आणि तोच तांदूळ. मग पाट लुगड्यात गुंडाळला आणि दुपारच्या गाडीने पेणला आले.

स्टेशनवरून कारखान्यात न जाता आधी सुताराकडे गेले. त्याने पाट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, वैनी, यापेक्षा नवा स्वस्त पडंल. मी म्हटलं, हाच दुरुस्त कर. सागाची पट्टी घाल, स्क्रू पितळेचे घाल. त्याने विचारलं, यंदाच्या गणपतीला पाहिजे का?

नाय, म्हटलं, यंदा नको. आणि खालचं रंधू नको, तिथं अक्षर हाय.

मग कारखान्यात आले. खाडीकडचे पाट येऊन पडले होते, ते लावायला घेतले.